जुनी पिकअप दुरुस्त करावी की विकावी : किनारपट्टीवरील मालकांसाठी निर्णयाचा क्रम

दहा-पंधरा वर्षे मासळी, बर्फ, आंब्याच्या पेट्या किंवा चिरे वाहिलेली बोलेरो पिकअप, टाटा २०७ किंवा छोटा हत्ती एखाद्या दिवशी घाटात धापा टाकू लागते आणि मालक तिला थेट इंजिनाच्या फिटरकडे नेतो. निर्णय बहुधा इथेच बिघडतो. इंजिन पुन्हा बांधता येते, पण खाऱ्या हवेने पोखरलेली चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि अडकलेले कागद यांवर पैसे घालून प्रत्येक वेळी इलाज होतोच असे नाही. म्हणून आधी कागद, मग चासी, त्यानंतर इंजिन आणि शेवटी हिशेब, हा क्रम पाळावा. मी स्वतः तो उलटा केला होता. इंजिनाच्या कामाला ६२,००० रुपये घातल्यानंतर दोन महिन्यांनी पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या योग्यता तपासणीच्या, तयारीसाठी गाडी वर घेतली, तेव्हा मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) ब्रॅकेटपाशी चासीत बोट जाईल एवढे भोक निघाले. पुढे गाडी विकताना गिऱ्हाइकाने इंजिनाचे बिल हातातसुद्धा घेतले नाही.

पूर्वतयारी

तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी गाडी खालून स्वच्छ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी आणि उन्हात पूर्ण वाळू द्यावी. खाडीकाठच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असते आणि त्याच पाण्याने वर्षानुवर्षे गाडी धुणारे मालक गंजाला आपल्या हाताने खतपाणी घालत असतात, तेव्हा पाणी आधी चाखून पाहावे. तपासणीसाठी हातोडी, जाड पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, तारेचा ब्रश, टॉर्च, जॅक, दोन मजबूत लोखंडी घोड्या आणि एक वही पुरेशी आहे. वहीत डाव्या पानावर दोष आणि उजव्या पानावर त्याचा खर्च लिहावा.

इशारा : केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. कोकणात हाताशी चिरे असतात म्हणून चाकाऐवजी चिऱ्यांची रास लावण्याची सवय आहे; जांभा एका जागी भार आला की न सांगता फुटतो. घोड्या नसतील तर जाड लाकडी ओंडके आडवे-उभे रचून आधार द्यावा आणि उरलेल्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून चाकाखाली ठेवायचा अडथळा) लावावी.

टप्पा १ : कागद आधी

आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला), पासिंगचे प्रमाणपत्र आणि कराची पावती समोर ठेवून प्रत्येकाची अखेरची तारीख वहीत लिहावी. व्यावसायिक नोंद असलेल्या गाडीचे पासिंग पहिल्या आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. पंधरा वर्षांनंतर त्याचे शुल्कही बरेच वाढते. पासिंग संपलेली मालवाहू गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार वैधरीत्या नोंदलेली मानली जात नाही. म्हणजे ती दारात उभी असली तरी विकायला काढलेला माल म्हणून तिची किंमत लगेच खाली येते. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील व्यावसायिक गाडीला पर्यावरण कर लागतो, हेही अनेकांना गिऱ्हाईक आल्यावरच आठवते.

त्यानंतर आरसीवरील बोजा, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद, पाहावा. कर्ज फिटून सहा वर्षे झाली तरी बँकेचे नाव आरसीवर तसेच असते, कारण हप्ते संपल्यावर नमुना ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला घेऊन आरटीओत बोजा उतरवण्याचे काम कोणी केलेले नसते. हे काम दुरुस्ती असो वा विक्री, दोन्हींआधी सुरू करावे, कारण कर्ज देणारी संस्था दरम्यान दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल तर दाखला मिळायला आठवडे जातात. ई-चलनांची थकबाकीही याच वेळी पाहून घ्यावी. गाडीची नोंद १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, तेही तपासावे; ती नसेल तर हस्तांतरणाचे काम अडते.

शेवटची आणि किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची बाब चासी नंबरची. हा नंबर चासीच्या लोखंडावर ठोकलेला असतो आणि समुद्राजवळ तो गंजाखाली बुजतो. आरटीओच्या कामासाठी त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घ्यावी लागते. नंबर वाचता आला नाही तर उत्तम चालणारी गाडीही विकता येत नाही. ती जागा रॉकेलच्या फडक्याने भिजवून, मऊ तारेच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करावी, छाप घेऊन ठेवावी आणि वर ग्रीसचा पातळ थर द्यावा.

इशारा : त्या जागी ग्राइंडर किंवा वेल्डिंग कदापि लावू देऊ नये. नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय आला की प्रकरण आरटीओपुरते राहत नाही.

पडताळणी : आरसीवरील चासी नंबर, इंजिन नंबर आणि मालकाचे नाव प्रत्यक्षाशी अक्षरशः जुळते का? मागील मालकाचेच नाव अजून आरसीवर असेल तर इथेच थांबावे. आधी ते नाव बदलून घ्यावे आणि तोवर या गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये.

टप्पा २ : चासी आणि खालची बाजू

मासळीच्या क्रेटमधून गळणारे बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या (माल भरायच्या मागच्या भागाच्या) फटींतून खाली उतरते आणि चासीच्या आडव्या पट्ट्यांवर, म्हणजे जिथे लाल माती आधीच साचलेली असते तिथे, मुरून राहते. पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे खवले आणि चिखलाने बुजली की पेटीसारखी बंद चासी आतून गंजते. बाहेरचा रंग शाबूत दिसत असताना आतले लोखंड कागदाइतके पातळ झालेले असते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पाहून समाधान मानणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे.

हातोडीने चासीवर वीतभर अंतराने हलकेच ठोकत जावे. घट्ट लोखंड खणखणीत वाजते; पोखरलेले लोखंड बद्द आवाज देते आणि खपल्या पडतात. बद्द आवाजाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून पाहावा. पुढील जागा सोडू नयेत : मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट आणि शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी), मागच्या ॲक्सलच्या वरची आडवी पट्टी, हौदा चासीवर टेकतो तिथल्या लाकडी किंवा रबरी पट्टीखालचा भाग, केबिनचे पाये, स्टीअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि डिझेल टाकीचे पट्टे. त्याबरोबर ब्रेकच्या लोखंडी नळ्या बोटाने चाचपून पाहाव्यात. त्या फुगल्यासारख्या खरखरीत लागल्या तर ती गाडी आजपासून रस्त्यावर काढू नये, मग निर्णय काहीही होवो.

दोषांची प्रतवारी मी अशी करतो. वरवरचा गंज, हौद्याच्या तळाचा सडलेला पत्रा, लोंबकळणारा फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) किंवा दारांच्या खालच्या कडा हे सगळे पत्र्याचे काम आहे. ते दिसायला भयंकर आणि खर्चाला मध्यम असते. आडव्या पट्टीत एक-दोन ठिकाणी भोक असेल तर चांगल्या वेल्डरकडून योग्य जाडीचा तुकडा बसवून घेता येतो. पण चासीच्या लांब पट्ट्यांमध्ये पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी किंवा स्टीअरिंग बॉक्सपाशी लोखंड दबत असेल, किंवा जुन्या वेल्डिंगच्या कडेने नवी चीर गेली असेल, तर दुरुस्तीचा विषय माझ्या मते संपला. आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात भरल्या गाडीचा पाटा चासीतून सुटला तर काय होईल, याचा विचार गॅरेजवाल्याने नव्हे, मालकाने करायचा आहे.

इशारा : खालून नुकताच डांबरी काळा रंग फासलेला असेल तर तो खरवडून पाहावा. तुम्ही ही गाडी जुनी घेतली असेल तर तो रंग आधीच्या मालकाचा असू शकतो. चासीचे वेल्डिंग करून घेताना बॅटरीच्या तारा सोडवाव्यात, डिझेल टाकी उतरवावी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्याव्यात.

गाडी चिपळूण परिसरातली असेल तर २२ जुलै २०२१ च्या पुरात ती कुठे होती, हेही विचारावे. सीटच्या रुळांमध्ये, डॅशबोर्डच्या मागे आणि वायरिंगच्या जोडांमध्ये वाळलेला बारीक गाळ सापडला तर विजेचे दोष पुन्हा पुन्हा येणार हे गृहीत धरून हिशेबात वेगळी रक्कम ठेवावी.

टप्पा ३ : इंजिन आणि बाकीची यंत्रणा

हा टप्पा चासी पास झाली तरच करायचा. इंजिन रात्रभर थंड झालेले असताना सकाळी स्वतः चालू करावे; गॅरेजमध्ये आधीच गरम करून ठेवलेले इंजिन खरे बोलत नाही. गाडी गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे. काळा धूर बहुधा एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा पंपाशी संबंधित असतो आणि त्यामानाने स्वस्तात सुटतो. पांढरा धूर टिकून राहिला, रेडिएटरमधले पाणी कमी होत गेले आणि ऑइल दुधाळ झाले, तर हेड गॅस्केट किंवा हेडच गेले आहे. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर तिथून धुराचे झोत येत असतील तर फिटर ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. पिस्टन-रिंगांचे काम जवळ आले आहे.

त्यानंतर नेहमीच्या निम्म्या भाराने चढावर नेऊन पाहावी. तापमानाचा काटा चढतो का, इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नाही का (क्लच प्लेट), उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर निसटतो का, ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते का, हे चार प्रश्न पुरेत. केवळ सपाट डांबरी रस्त्यावरच्या फेरीवरून कोकणातल्या गाडीचा निकाल देऊ नये.

पडताळणी : फिटरने “हाफ इंजिन करावे लागेल”, म्हणजे पिस्टन-रिंगांचे मोठे काम, म्हटले तर कॉम्प्रेशन गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे आकडे वहीत लिहून मागावेत. एकाच सिलिंडरचा आकडा पडला असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्येही असू शकतो. सगळे सारखेच खाली असतील तर मात्र झीज आहे.

टप्पा ४ : चार आकडे मिळवणे

निर्णयासाठी चार आकडे लागतात आणि चारही कागदावर असावेत. पहिला, गाडी आहे त्या स्थितीत आज कितीला जाईल. दुसरा, पूर्ण दुरुस्त आणि पासिंग केलेली तशीच गाडी तुमच्या तालुक्यात कितीला जाते. तिसरा, दुरुस्तीचा खर्च. चौथा, भंगाराची किंमत, म्हणजे वजन गुणिले चालू दर. हा तुमचा तळ आहे.

पहिल्या आकड्यासाठी किमान तीन जणांना गाडी प्रत्यक्ष दाखवावी आणि त्यांतला एक घाटावरचा असावा, कारण कोल्हापूर-कराडकडचा गिऱ्हाईक किनाऱ्यावरची गाडी पाहताना आधी खाली वाकतो. दुसऱ्या आकड्यासाठी लोक जाहिरातीतल्या किमती धरतात. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हेत. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या कोणी खरोखर किती पैसे मोजून घेतले, तेच विचारावे. तिसऱ्यासाठी दोन गॅरेजांकडून सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज घ्यावा आणि त्यात २५ टक्के वाढ धरावी, कारण गंजलेल्या गाडीत एक बोल्ट सोडवताना दुसरे दोन तुटतात. गाडी गॅरेजमध्ये असलेल्या दिवसांचे बुडालेले भाडेही याच खर्चात येते, हे विसरू नये.

टप्पा ५ : हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजावण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे घालावेत. समजा, गाडी आज १,१०,००० रुपयांना जाते आणि दुरुस्तीनंतर १,७५,००० रुपयांना जाईल. अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचे, वाढ धरून १,००,०००, आणि २० दिवसांचे बुडालेले भाडे रोज ९०० प्रमाणे १८,०००, म्हणजे एकूण खर्च १,१८,००० रुपये. किंमत वाढते ६५,००० रुपयांनी. म्हणजे विकण्यासाठी दुरुस्ती करण्यात ५३,००० रुपयांचा तोटा आहे. “चांगली करून विकू” हा विचार जुन्या स्वस्त गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा असाच आतबट्ट्याचा ठरतो. अपवाद पासिंग, बॅटरी, एखादा टायर, धुलाई अशा छोट्या कामांचा.

ठेवण्यासाठी दुरुस्ती करायची असेल तर हिशेब वेगळा मांडावा लागतो. गाडी न विकल्यामुळे हाती न आलेले १,१०,००० रुपये हाही खर्चच आहे आणि बहुतेक जण नेमका तोच सोडून देतात. तो धरल्यास गुंतवणूक २,२८,००० रुपये होते. तीन वर्षांनी गाडीचे ६०,००० रुपये येतील असे मानले तर उरलेले १,६८,००० रुपये ३६ महिन्यांवर पसरतात. महिन्याला सुमारे ४,६७० रुपये. विमा, पासिंग, टायर आणि किरकोळ कामांचे ४,००० धरले तर गाडी नुसती दारात ठेवण्याचा खर्च महिन्याला ८,६७० रुपये झाला.

आता भाड्याच्या गाडीशी तुलना करावी. भाड्याची पिकअप एका फेरीला १,२०० रुपये घेते आणि स्वतःच्या गाडीला त्याच फेरीत ४५० रुपयांचे डिझेल लागते, असे धरू. महिन्याला ८ फेऱ्या असतील तर भाड्याने ९,६०० आणि स्वतःच्या गाडीने १२,२७० रुपये पडतात, गाडी विकावी. १२ फेऱ्यांना १४,४०० विरुद्ध १४,०७०, म्हणजे जवळपास बरोबरी. २० फेऱ्यांना २४,००० विरुद्ध १७,६७०, गाडी ठेवावी. यात स्वतः गाडी चालवण्याची मजुरी धरलेली नाही. पगारी चालक ठेवणाऱ्यांनी ती मिळवली की बरोबरीचा आकडा बराच वर सरकतो.

इशारा : फेऱ्यांची सरासरी एप्रिल-मेवरून काढू नये. आंब्याच्या हंगामात वाशीच्या बाजारापर्यंत रोज धावणारी गाडी जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असताना अंगणात उभी असते. बारा महिन्यांच्या फेऱ्या मोजून त्यांना बाराने भागावे.

टप्पा ६ (क) : दुरुस्ती ठरली तर कामाचा क्रम

पहिल्यांदा चासीचे वेल्डिंग, मग ब्रेकच्या नळ्या आणि लायनर, त्यानंतर पाटे-बुश-स्टीअरिंग, रेडिएटर व कूलिंग, मग क्लच आणि इंजिन, नंतर वायरिंग आणि अगदी शेवटी पत्रा व रंग. रंग आधी करून घेणारे मालक पुढे वेल्डिंगच्या ठिणग्यांनी तोच रंग जाळून घेतात. वायरिंगच्या कामात अर्थिंगच्या जागा घासून, घट्ट करून त्यावर ग्रीस लावून घ्यावे. किनाऱ्यावर निम्मे विजेचे दोष तिथेच असतात. प्रत्येक टप्प्याचे काम पाहून मगच पुढचे पैसे द्यावेत आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत. वेल्डिंगनंतर चासीच्या बंद पेट्यांची छिद्रे मोकळी करून आत तेलाचा फवारा मारावा, आणि कामे पूर्ण झाली की उशीर न करता पासिंग करून घ्यावे.

टप्पा ६ (ख) : विक्री ठरली तर

वेळ साधावी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत, आंब्याची वाहतूक सुरू होण्याआधी, पिकअपला मागणी असते. जूनमध्ये विकायला काढणारा अडलेला आहे हे दलाल ओळखतो. चासीला तुकडा लावलेला असेल, इंजिन ऑइल खात असेल तर ते व्यवहाराच्या कागदावर लिहूनच द्यावे. किंमत थोडी उतरेल, पण महिन्याभराने दारात येणारे भांडण टळेल.

इसार घेताना रक्कम, उरलेले पैसे देण्याची तारीख आणि व्यवहार मोडल्यास काय, हे पावतीवर लिहावे. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्यावरच गाडी द्यावी आणि डिलिव्हरीच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहावी. त्याच रात्री अपघात झाला तर हा एक आकडा उपयोगी पडतो. नमुना २९ आणि ३० भरून, म्हणजे ज्यांना आपण टीटी फॉर्म म्हणतो ते, खरेदीदाराचे नाव-पत्ता घालूनच सह्या कराव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर मालकाने १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ चा ना-हरकत दाखला लागतो.

इशारा : कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून तो दलालाकडे ठेवणे ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महागडी चूक आहे. गाडी तीन हात फिरते आणि आरसीवर नाव तुमचेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात विकली गेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. त्या खटल्यातली गाडीही अशीच एकामागून एक हात बदलत गेली होती.

टप्पा ६ (ग) : भंगार

चासीच संपली असेल तर गाडी ओळखीच्या भंगारवाल्याच्या अंगणात आरसीसकट सोडून येऊ नये, कारण तो नंबर आणि ते कागद चोरीच्या गाडीला लागू शकतात. नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी द्यावी, तिथून ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्यावे आणि आरटीओतील नोंद रद्द करून घ्यावी. गाडी कायमची निकामी झाल्यास १४ दिवसांत कळवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. नवी मालवाहू गाडी घेताना या ठेव प्रमाणपत्रावर करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे, म्हणून भंगारवाल्याचा दर थोडा जास्त वाटला तरी ही सवलत हिशेबात धरून मगच तुलना करावी.

गाडी गेल्यानंतर

फास्टॅग बंद करावा, नाहीतर खरेदीदाराचा टोल तुमच्या खात्यातून कापला जातो. विमा कंपनीला विक्रीचे पत्र द्यावे. त्यानंतर दर आठवड्याला परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मालकाचे नाव पाहावे. महिना उलटूनही ते बदलले नसेल तर डिलिव्हरीचा कागद, टीटी फॉर्मच्या प्रती आणि पैसे मिळाल्याचा पुरावा घेऊन स्वतः आरटीओत जावे आणि लेखी अर्जाची पोच घ्यावी.